शेवटून दुसरी ओळ

डेपोतले ड्रायव्हर त्याला तोंडावर साहेब म्हणत आणि पाठ वळली की फूटपट्टी. सव्वीस वर्षं तो त्यांचे डोळे तपासत होता. खुर्चीपासून वीस फुटांवर अक्षरांचा तक्ता. एक डोळा झाकून शेवटून दुसरी ओळ वाचली की पास, एक अक्षर चुकलं की नापास. कोणी वरिष्ठाची शिफारसचिठ्ठी आणली, तर तो ती तक्त्याशेजारी टाचणीने लावी आणि म्हणे, "आता ही खुर्चीतून वाचा." सगळ्यांना एकच नियम, एकच तक्ता. त्याच्या लेखी न्याय म्हणजे एवढाच.

सोमवारी दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, खुर्चीत बसले. निवृत्तीला चौदा महिने उरलेले. सगळ्या ओळी त्यांनी धडाधड वाचल्या. त्याने फॉर्मवर 'पास' लिहून सही केली आणि शुक्रवारी पाठवायच्या पाकिटात तो ठेवून दिला.

गुरुवारी दुपारी, ते पाकीट काखेत घेऊन, तो ताईकडे गेला. दाजी दारात खुर्ची टाकून बसले होते. त्याने फाटक उघडलं.

"टाकी मागच्या बाजूला आहे," दाजी म्हणाले. "मीटर पण तिथंच."

मीटर बघायला आलेला माणूस समजल्याची गंमत करताहेत असं वाटून तो हसला. "दाजी, मी आलोय."

आवाज ऐकल्यावर दाजी गडबडीने उठले. तो फाटकातच थांबला. सवयीने त्याची नजर अंतर मोजून मोकळी झाली होती. वीस फूटही नव्हतं.

"सोमवारी वाचलंत कसं?"

दाजींनी सरळ डोळे मिटले. "न, ढ, प, ख, य, ट. उलटी म्हणून दाखवू?"

"ही ओळ तुम्हाला कोणी सांगितली?"

"डेपोत सगळ्यांना येते. नवा माणूस आला की आधी तक्ता पाठ, मग गाडीची किल्ली. तू तो कधी बदललाच नाहीस रे."

तो पायरीवर बसला. ताईने आणलेलं पाणी हातात तसंच राहिलं. आजवर खुर्चीत बसलेली शेकडो तोंडं त्याला आठवू लागली, एक डोळा झाकलेली, गंभीर. त्यातलं कोण बघत होतं आणि कोण नुसतं म्हणत होतं, हे त्याला आता कधीच कळणार नव्हतं.

"एवढं मनाला लावून घेऊ नकोस," दाजी म्हणाले. "इतक्या वर्षांत माझ्या गाडीखाली साधं कुत्रं मेलं नाही. मग वाईट काय झालं?"

"झालं नाही, म्हणून ते बरोबर ठरतं?"

"तू नियम सोडला नाहीस," ताई म्हणाली. "कोणाचा चहासुद्धा घेतला नाहीस. माणूस म्हणून तू चांगलाच वागलास ना?"

"चांगला वागलो म्हणून दाजींना फाटक दिसायला लागलं का, ताई?"

मग ताईने नवऱ्याला विचारलं, "पुढच्या महिन्यात ड्युटी कुठली?"

"शाळेची बस," दाजी हळूच म्हणाले.

त्याने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, उलटं केलं, पट्टीने तक्त्यासारख्या रेघा मारल्या आणि पेन ताईपुढे धरलं. "अक्षरं तू लिही. मी लिहिली तर मला पाठ होतील."

"आणि ह्यांना नापास करायचं माझ्या हातून?"

"दुसऱ्या कोणाच्या हातून करू, सांग."

ताईने बराच वेळ पेन नुसतं धरून ठेवलं. मग लिहिलं. कॅलेंडर समोरच्या भिंतीवर लागलं, अंतर मोजलं गेलं. दाजी खुर्चीत बसायला निघाले, तेव्हा त्याने त्यांना बाजूला केलं.

"आधी मी."

एक डोळा झाकून तो वाचू लागला. मोठी अक्षरं सरळ गेली. शेवटून दुसऱ्या ओळीशी तो थांबला. तिथं काळे ठिपके होते, पावसात भिजलेल्या शाईसारखे. त्याच्या ओठांवर आपसूक 'न' आला, मग 'ढ'. त्याने तोंड मिटलं.

"बरोबर म्हणाला का?" दाजींनी विचारलं. त्यांनाही ती ओळ दिसत नव्हती.

ताईने मान हलवली. "एकही नाही."

त्याने पाकिटातून दाजींचा फॉर्म काढला, 'पास'वर रेघ मारली. दाजी बघत होते, अडवलं मात्र नाही. मग त्याने एक कोरा फॉर्म घेतला आणि त्यावर स्वतःचं नाव लिहायला सुरुवात केली.