पुरस्कार एकीचा, व्याख्यान दोघींचं

परभणीहून गाडी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत एक नवी साडी, व्याख्यानाची टिपणं आणि प्रवासापुरत्या दशम्या होत्या. मातीचा अभ्यास करणाऱ्यांची आमची एक परिषद आहे. वर्षभरातल्या उत्कृष्ट संशोधनासाठी ती पुरस्कार देते. यंदाचं अधिवेशन कोल्हापुरात होतं आणि पुरस्कार मला जाहीर झाला होता. अभिनंदनाचे फोन घेऊन कान दुखले होते, तरी मन पुरतं मोकळं नव्हतं.

काम दोघींचं होतं. शिरोळ तालुक्यात उसाला वर्षानुवर्षं भरमसाट पाणी दिल्यानं काळ्या जमिनी मिठानं पांढऱ्या पडल्या. त्यांखाली निचऱ्याचे पाइप किती खोल घातले तर मीठ लवकर उतरतं, हे आम्ही तपासलं. मी आणि माझी सहकारी उज्ज्वला कांबळे. शेवटचे निष्कर्ष हाती येत असतानाच तिच्या वडिलांना अर्धांगवायू झाला. ती संशोधन सोडून जयसिंगपूरला घरी गेली आणि तिथल्या शाळेत विज्ञान शिकवू लागली. परिषदेचा नियम असा की पुरस्कार एकाच सभासदाला. मी दोन्ही नावं कळवली होती. उत्तर नम्र होतं, पण नकाराचंच होतं.

म्हणून मी थेट कोल्हापूरला न जाता एक दिवस आधी मिरजेला उतरले आणि एसटीनं जयसिंगपूर गाठलं. हे सरळ रेषेत आखलेल्या रस्त्यांचं, व्यापाऱ्यांचं गाव. स्टँडबाहेर एका रसाच्या गाडीवाल्याला पत्ता विचारला.

"कांबळे मॅडम व्हय? शाळंच्या मागं राहत्यात. माझ्या पोरीला शिकवत्यात की! पावणं (पाहुणे) कुठनं आलाय?"

"परभणीहून."

"लांबनं आलाय. आधी उसाचा रस प्या, मग जावा."

रस पिऊनच सुटका झाली.

उज्ज्वलाच्या घरी दारातच तिचे वडील खुर्चीत बसलेले होते. त्यांनी डावा हात उचलून नमस्कार केला. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली ताजी फुलं. उज्ज्वलानं मला मिठीच मारली. पण मी विषय काढताच ती भाकरी थापायला वळली.

"मी येणार न्हाय, मॅडम. तुम्हाला मिळालं, मला मिळाल्यासारखंच हाय."

"अगं, तुझ्याशिवाय मी काय सांगू तिथे?"

"सगळं तुम्हाला ठाऊक हाय. मी आता पोरांना बीज कसं रुजतं ते शिकवते. तिथं सगळे मोठमोठे संशोधक. कुणी विचारलं, सध्या काय करता, तर काय सांगू?"

तिच्या हातची भाकरी आणि खर्डा (ठेचलेली मिरची) खाताना डोळ्यांत पाणी आलं, ते मिरचीवर ढकलता आलं.

संध्याकाळी आम्ही दोघी आण्णांच्या रानात गेलो. आण्णा म्हणजे ज्यांनी आपली मीठफुटीची जमीन आमच्या प्रयोगाला दिली ते शेतकरी. पहिल्या वर्षी त्या रानात पाय ठेवला की पायाखाली मीठ कुरकुर वाजायचं. आता डोक्याच्या वर ऊस उभा होता. बांधाच्या कडेनं पाइपातलं पाणी चरात पडत होतं. आण्णा ओरडतच सामोरे आले. त्यांचं हळू बोलणंही हाकेसारखं असतं.

"या, या! तुम्ही दोघी रानात मातीचा वास घेत बसायचा, तवा गाव म्हणायचं, बायका खुळ्या झाल्यात!" मग पुरस्काराचं ऐकून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "एकीलाच? आणि दुसरी काय उसाचं वाडं (शेंड्याचा चारा) गोळा करत व्हती?"

"आण्णा, नियम असतो तसा," उज्ज्वला म्हणाली.

"नियम असू दे की. तुला जायला कुणी नको म्हटलंय? माझ्या रानाचं नाव निघणार तिथं. दोघींनी जावा."

उज्ज्वला हसली. परतताना वाटेत ती म्हणाली, "येते. पण मागच्या खुर्चीत बसणार. स्टेजवर बोलवायचं न्हाय." मी "बरं" म्हणाले. तेव्हा तेवढंच पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापूरच्या एसटीत बसलो, आणि हातकणंगल्याच्या अलीकडे बसचं चाक पंक्चर झालं. कंडक्टर म्हणाला, दुसरी गाडी येईल. कधी, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. नवी साडी नेसून मी रस्त्याकडेला उभी. शेवटी फ्लॉवर घेऊन निघालेल्या टेम्पोवाल्यानं गाडी थांबवली. "कोल्हापूरच न्हवं? बसा की पुढं!" पुढच्या सीटवर आम्ही तिघं दाटीवाटीनं बसलो. वाटेत त्यानं कारण विचारलं. उज्ज्वलानं सांगितलं, मातीवरच्या अभ्यासाचा पुरस्कार आहे. "मातीला पण बक्षीस असतंय व्हय? झकास!" असं म्हणून त्यानं आम्हाला सभागृहाच्या दारात सोडलं आणि भाडं काही केल्या घेतलं नाही.

आत गेल्यावर मी परिषदेच्या अध्यक्षांना गाठलं. वयस्कर गृहस्थ, आवाज मऊ. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पुरस्काराचा नियम मला एकट्याला मोडता येत नाही. पण पुरस्कारानंतरचं व्याख्यान तुमचं असतं. तुमच्या वेळात कोण बोलेल, ते तुम्ही ठरवा."

मी परत येऊन उज्ज्वलाशेजारी बसले. तिला न विचारता पुकारणं मला करायचं नव्हतं. "पहिल्या वर्षी पाइप घालूनही मीठ हललं नव्हतं, ते का, हे तू शोधलंस," मी म्हणाले. "ते मी सांगितलं तर ऐकीव सांगितल्यासारखं होईल. तू सांगशील का?" तिनं पदर खोचला. मग म्हणाली, "तेवढंच सांगीन."

शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह झालं. मी सुरुवात केली आणि अर्ध्यावर तिचं नाव घेतलं. ती स्टेजवर आली तेव्हा माइक तिच्या उंचीला लागत नव्हता. पहिली दोन वाक्यं कुणाला ऐकूच गेली नाहीत. मग तिनं माइक खाली ओढला आणि वर्गात शिकवतात तशी बोलायला लागली. पाइप उथळ होते, खालचं खारं पाणी उन्हाळ्यात पुन्हा वर चढत होतं, हे खड्डे खणून कसं कळलं, ते तिनं सांगितलं. तेवढ्यावर न थांबता पाइप खोल घातल्यावर मीठ कसं उतरलं, तेही सांगितलं. प्रश्नांच्या वेळी एका प्राध्यापकांनी विचारलं, रानातून काढलेलं हे खारं पाणी नदीत गेल्यावर पुढे काय?

मी उत्तर जुळवत होते. उज्ज्वला सरळ म्हणाली, "ते आम्ही तपासलेलं न्हाय, सर. तपासायला पाहिजे."

टाळ्या त्या प्राध्यापकांनीच सुरू केल्या. अध्यक्षांनी उठून जाहीर केलं की परिषदेच्या नियतकालिकात हे व्याख्यान दोघींच्या नावानं छापलं जाईल. सन्मानपत्रावर मात्र एकच नाव राहिलं.

दुपारी एका खाणावळीत बसलो. "पांढरा रस्सा आधी, तांबडा मागनं," ती मला बजावत होती. सभागृहात चहाच्या वेळी तिला कुणीतरी विचारलंच होतं, सध्या काय करता? "शाळेत शिकवते म्हणाले," तिनं सांगितलं, "आणि ते माझ्याशी उन्हाळ्यातल्या पाण्याबद्दलच बोलत राहिले." एवढं सांगून तिनं रश्श्याची आणखी एक वाटी मागवली.

परतीच्या गाडीत मी एकटी होते. पुरस्कार म्हणजे आपल्या कामाला कुणीतरी दिलेली पोच, असं मी इतकी वर्षं समजत आले. या प्रवासात वाटलं, तो आभार मानायला मिळालेला मुहूर्तही असतो. ज्यांनी रान दिलं, जेवू घातलं, टेम्पोत जागा दिली, त्या सगळ्यांचे आभार मनातल्या मनात मानता मानता लातूर मागे पडलं. स्टेजवरून मी "धन्यवाद" म्हणाले होते, त्यात हे काही मावलं नव्हतं.

घरी पोचून पिशवी उघडत होते, तोवर उज्ज्वलाचा फोन आला. मागे तिच्या वडिलांचं हसणं ऐकू येत होतं.

"मॅडम, पोचलात न्हवं? एक विचारायचं हाय. परिषदेचं सभासद व्हायला काय करावं लागतंय? आणि पुढचं अधिवेशन कधी हाय? शाळेत रजा आधीच टाकावी लागती."