काट्यावरचा फौजी आणि माझा अहवाल

हे बायकोलाही सांगितलेलं नाही. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरची संगणक यंत्रणा अडखळल्यावर किती लवकर सावरते, याचा जो अहवाल मी दिला, त्यात एकही आकडा खोटा नव्हता. असता, तर निदान पकडला गेला असता.

यंत्रणा आमच्याच कुपवाडच्या कंपनीची, तपासणारा मीही तिथलाच. पोरगं आपलं, परीक्षा आपली, पेपर तपासणारेही आपणच. गुणांना काय तोटा? सकाळी उसाचे ट्रॅक्टर एकदम आले की यंत्रणा संथ व्हायची, वजनाची पावती निघता निघायची नाही. ती पूर्ववत व्हायला लागणारा वेळ मोजायचा होता. आता पूर्ववत कशाला म्हणायचं, हे ठरवण्याचा मान माझा. मी ठरवलं, एक पावती वेळेत निघाली की सावरली. घड्याळ बंद. गेटाबाहेर रांग दुपार कलेपर्यंत तुंबलेलीच असायची. तीही मी मोजली होती. पण नव्या हंगामाचं कंत्राट अहवालावर अवलंबून होतं, म्हणून गाळली.

कारखान्यातले वरचे लोक खूश झाले. मग कुणाला तरी शंका आली, की यंत्रणा एवढी चपळ, तर रांग कुणामुळे? काट्यावर शिराळ्याकडचा निवृत्त हवालदार कारकून होता. सगळे त्याला फौजी म्हणत. त्याचं वय झालंय, हात जड पडलाय, असं ठरलं.

त्यानं मला काट्यावरच गाठलं. "सायेब, मशीन बरं झालं म्हणतासा. मग गाड्या हुब्या का? आजारी मीच व्हय?"

मी वर बोलतो म्हणालो.

"बोला की. हुकमाची वाट बघायची सवय हाय आमाला."

वर गेलो, आणि बोललोही. चहा छान झालाय म्हणून.

हंगाम संपायच्या आत फौजीला काढलं. त्याच्या जागी तरणा, चपळ हाताचा माणूस आला आणि रांग होती तेवढीच राहिली. या वेळी मात्र कारण कुणी विचारलं नाही. मला बढती मिळाली. फौजीनं गावात सांगितलंय म्हणे, की नोकरी आपणच सोडली. म्हणजे माझी अब्रूही त्यानंच राखली.

कारखान्याच्या कार्यालयात, त्याच्या देखत, रांग यंत्रणेमुळे होती आणि ते मला माहीत होतं, एवढं सांगायचं, हे मी त्याचं देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.