पाय मोडला आणि मी कामाला लागले

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. मला सही करता येते, आणि त्या सहीनंच माझा घात केला. अंगठा लावणारी असते तर लिहिलेलं कुणीतरी मोठ्यानं वाचून तरी दाखवलं असतं. सही करणाऱ्या बाईला सगळे शहाणी समजतात, आणि तीही समजते.

करमाडला आमच्या घरापासून डेअरीला जायचं तर जालना रोड ओलांडावा लागतो. मी रोज सकाळी दुधाची कॅन घेऊन ओलांडायचे. त्या दिवशी एक पिकअप उलट्या बाजूनं आली. मी नेहमीसारखं फक्त एकाच बाजूला बघितलं होतं. शुद्धीवर आले तेव्हा शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात होते आणि उजवा पाय गुडघ्याच्या वर आणि गुडघ्यात, असा दोन जागी मोडला होता.

तिसऱ्या दिवशी हवालदार जबाब घ्यायला आला. नाव, गाव, वय सगळं विचारून झालं. मग म्हणाला, "आजी, धंदा काय करता?"

"धंदा कशाचा? काय नाय. घरीच असते."

त्यानं ते तसंच लिहिलं आणि मी सही केली. डेअरीला दूध घालायला निघालेली बाई, अंगावर सांडलेलं दूध अजून लुगड्याला आंबट वास मारतंय, आणि मी सांगते, काय नाय, घरीच असते. पण माझ्या वयाच्या कुठल्याही बाईला विचारा, ती हेच सांगेल. काम म्हणजे नवऱ्याचं, नाहीतर पोराचं. आपण दिवसभर करतो त्याला नाव नसतं.

ऑपरेशन करून पायात लोखंडी पट्टी टाकली. हाड जुळलं, पण गुडघा लाकडासारखा झाला. डॉक्टर म्हणाले, अजून एक ऑपरेशन केलं तर निम्मा तरी वाकेल, नाही केलं तर वॉकर जन्माचा. मुलगा म्हणाला, म्हैस विकू. मी म्हटलं, त्यापेक्षा मला विक. यावर सुनेनं तोंड उघडलं. ती बारावी शिकलेली आहे आणि शक्यतो ते दाखवत नाही.

"आत्या, आपण भरपाईचा दावा लावू."

"त्या पिकअपवाल्याच्या लेकरांच्या तोंडातला घास काढू व्हय?"

शहरात एक वकीलबाई होत्या, सुनेच्या माहेरच्या ओळखीच्या. त्यांनी मला समजावलं. "मावशी, पैसे तो देत नाही, त्याच्या गाडीची विमा कंपनी देते. गाडीवाले दरवर्षी हप्ता भरतात तो ह्याचसाठी." हे मला माहीत असतं तर त्या माणसाची कीव करत मी चार महिने घालवले नसते.

मग कागद मागितले. पोलिसांतल्या गुन्ह्याची नक्कल, पंचनामा, दवाखान्याचं कार्ड, औषधांची बिलं, अपंगत्वाचा दाखला. सुनेनं सगळं एका पिशवीत जपून ठेवलं होतं. एक्स-रेची फिल्म तेवढी सापडेना. ती मी डाळीच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवली होती. दाखल्यासाठी डॉक्टरांनी मला काही विचारलंच नाही. गुडघ्याला एक मापाची पट्टी लावली, किती वाकतो ते बघितलं आणि लिहिलं. बरं झालं. गुडघा खोटं बोलत नव्हता.

सगळे कागद देऊन निघताना वकीलबाई म्हणाल्या, "कंपनीचा माणूस घरी चौकशीला येईल. त्याला एवढंच सांगायचं, माझ्या वकिलाशी बोला. दुसरा शब्द नाही."

"नाय बोलत," मी म्हटलं.

इथं माझ्या धाकट्या जावेची ओळख करून द्यायला पाहिजे. आम्ही दोघी शेजारी शेजारी राहतो. चाळीस वर्षं कोण आधी उठतं, कुणाची भाकर पातळ, कुणाचा कापूस जास्त भरला, ह्यावर आमचं चाललेलं आहे. मी पडले तेव्हा ती गल्लीत म्हणाली, "अक्का आता गेली कामातून." ते माझ्या कानावर आलं. तरी माझ्या म्हशीची धार दोन्ही वेळा तीच काढत होती, कारण म्हैस सुनेला जवळ येऊ देत नव्हती. ती धार काढायची, आणि मी बाजेवरून तिला आचळ कसं धरायचं ते सांगायचे.

कंपनीचा माणूस आला त्या दिवशी ती आमच्या उंबऱ्यात तूर निवडत बसली होती. मी बाजेवर होते. बाहेर गाडी थांबल्याचं ऐकलं तसं मी सुनेला म्हटलं, "तो वॉकर बाजंखाली सार." का सार म्हटलं ते मलाही तेव्हा सांगता आलं नसतं. पाव्हणा आला की घरातलं फाटकं गोधडीखाली जातं, तसंच.

माणूस सभ्य होता. बूट बाहेर काढले, वाकून नमस्कार केला, चहाला नको म्हणाला नाही.

"आजी, आता कसं काय? घरातलं थोडंफार जमतं का?"

थोडंफार! जावेचा तुरीतला हात थांबला. मला ते दिसलं.

"मला काय झालंय? समदं करते की मी. खाली बसून भाकरी थापते, म्हशीची धार काढते, वेचणीला पण जाईन औंदा."

सून चहा घेऊन आली होती, ती दारातच उभी राहिली. "आत्या, ते वकीलबाई..."

"तू गप गं."

"कमाल आहे आजी तुमची," तो म्हणाला आणि लिहीत राहिला. मला तर वाटलं, ह्याला अजून काय काय सांगावं. विहिरीवरचं सांगायचं राहिलंच. मग त्यानं कागद पुढं केला आणि मी सही केली, खाली एक रेघ ओढून.

तो गेल्यावर सुनेनं मला दोन्ही काखेत हात घालून उठवलं आणि संडासला नेलं. तासभर मी लघवी दाबून ठेवली होती.

महिन्याभरानं तो जबाब वकीलबाईंच्या हाती पडला. त्यांनी आम्हाला बोलावलं, तो आणि हवालदारानं लिहिलेला, असे दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि वाचून दाखवले. मग चष्मा काढला.

"मावशी, कागदावर बघितलं तर अपघाताआधी तुम्ही काहीच करत नव्हतात. अपघात झाल्यापासून सगळी कामं करता."

सून आधी हसली. मग मी. "म्हणजे पिकअपवाल्यानं माझं भलंच केलं की."

"हो. कंपनीनं तुमच्याकडंच पैसे मागितले नाहीत, एवढं नशीब." मग त्या हसायच्या थांबल्या. "समोरचा वकील हे दोन्ही वाचणार. दाखला तुमच्या बाजूनं आहे, तुमचं तोंड विरुद्ध आहे. ऑपरेशन पाहिजे असेल तर हे खोटं होतं असं तुम्हालाच सांगावं लागेल. तिथं, सगळ्यांसमोर."

मी म्हटलं, त्यात काय, सांगते. पण तारखेच्या सकाळी काळीपिवळीत बसलो तर जाऊ आधीच आत बसलेली. नवं निळं लुगडं नेसून. "मी पण येते अक्का. कोर्ट नाय बघितलं कधी."

कंपनीचा वकील मऊ आवाजात बोलणारा निघाला. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं.

"हा जबाब तुमचा? सही तुमची?"

"माझीच."

"यात लिहिलंय, खाली बसून भाकरी थापते, म्हशीची धार काढते. हे खरं की खोटं?"

माझ्या पाठीमागं जाऊ बसली होती. खरं म्हटलं असतं तर वॉकर जन्माचा होता, हे मला समजत होतं. तरी जीभ 'खरं'वरच येऊन बसली होती. एवढी मूर्ख बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

"बोला आजी, घाई नाही," जज्जसाहेब म्हणाले.

"खोटं."

"मग खोटं का सांगितलंत?"

"ती मागं बसलीय ना, निळ्या लुगड्यातली. तिनं गल्लीत सांगितलं मी कामातून गेले. म्हणून तिच्यापुढं सांगितलं."

सगळं कोर्ट मागं वळलं. जावेनं पदर तोंडावर ओढला.

"बरं," जज्जसाहेब म्हणाले, "आता खरं काय ते सांगा. आधी काय करत होतात, आणि आता काय जमत नाही."

मी सांगायला लागले. चारला उठणं, शेण, म्हशीची दोन वेळची धार, डेअरी, सहा माणसांच्या भाकरी, खुरपणी, वेचणी. टाइप करणारी मुलगी दोनदा म्हणाली, "आजी, हळू." मीच चाट पडले. मग आताचं सांगितलं. बाजेवरून उठायला सून लागते. संडासला मध्ये भोक असलेली खुर्ची लागते. म्हैस ती निळ्या लुगड्यातली बाई पिळते. एवढी शरम मला लग्नातही वाटली नव्हती.

परत येताना जाऊ माझ्या शेजारीच बसली. चिकलठाणा मागं गेल्यावर म्हणाली, "वॉकर बाजंखालनं निम्मा बाहेर दिसत व्हता अक्का. त्या माणसाला दिसला नाय, मला दिसला."

"मग बोलली का नाय?"

"मी कशाला बोलू? म्हशीची धार कोण काढतंय ते तरी मला ठावं असंल का नाय? तुम्ही येवढ्या तोऱ्यात सांगत व्हत्या, म्हटलं, सांगू द्या."

निकाल लागायला वेळ लागला. मागितलं तेवढं मिळालं नाही. माझे दोन्ही जबाब एकमेकाशी जुळत नाहीत, असं जज्जसाहेबांनी लिहिलं, आणि बोलण्यापेक्षा दाखल्यावर भर दिला. पण घरकाम आणि दूध हे काम आहे, असं धरून त्याची मजुरी लावली. ऑपरेशनपुरतं आलं. म्हैस विकावी लागली नाही.

गुडघा आता निम्मा वाकतो. प्लास्टिकच्या स्टुलावर बसून मला धार काढता येते. पण एवढ्या दिवसांत म्हैस जावेच्या हाताला सवकली. माझा हात लागला की पान्हा चोरते, मान वळवून शेजारच्या दाराकडं बघते. मग जाऊ येते, स्टुलावर बसते, आणि बादली भरायला लागते. मी शेजारी उभी राहून तिला सांगते, आचळ असं नाही, असं धरायचं.