साध्या काचेच्या दिवालगिऱ्या

मोठी माय कोणतीही वस्तू घेण्याआधी ती उचलून उन्हात नेत असे. लुगडे असो, तुरीची डाळ असो, सोनाराने घडवून आणलेली पाटली असो, सावलीत काही दाखवले की तिचे एकच म्हणणे, "आंदी बाहेर आन." अकोल्याच्या बाजारात एका कापडवाल्याचे अख्खे ठाण तिने भर रस्त्यात उलगडले होते आणि मागून येणारी बैलगाडी तेवढा वेळ थांबवून ठेवली होती. आमच्याकडे नवे भटजी आले तेव्हा त्यांनाही तिने ओसरीवरून उठवून अंगणात बसवले. भटजींना वाटले, मान दिला.

ती माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. वडील लवकर गेले, म्हणून मी आणि माझी माय मोठ्या बुवांच्या, म्हणजे त्या थोरल्या भावाच्या घरी राहत होतो. मोठ्या मायला मूल नव्हते, पण त्यामुळे तिने माझे लाड केले असे मुळीच नाही. डोक्याला तेल लावताना ती मान अशी गच्च धरी की रडायचीसुद्धा सोय नसे.

लहानपणी मला देवी आल्या होत्या. त्यातून वाचले, डोळेही शाबूत राहिले, पण तोंडभर वण उरले ते उरलेच. घरातल्या बायका माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे नाहीतर पदराकडे बघत. मोठी माय तेवढी सरळ तोंडाकडे बघे आणि म्हणे, "काशे, नीट धू. वणात माती बसून राहिली." मला तिचा राग येई.

अशात समुद्रापलीकडे कुठेशी लढाई जुंपली आणि आमच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. मोठ्या बुवांनी नवी बैठक बांधली आणि तिच्या भिंतींना दिवालगिऱ्या हव्यात असे ठरवले. दिवालगिरी म्हणजे भिंतीला अडकवायचा काचेचा दिवा. काचेत पाणी, पाण्यावर तेल आणि तेलात वात. शेजारच्या पाटलाकडे त्या आल्या होत्या, एवढे कारण बुवांना पुरेसे होते.

माझ्या मायचे मात्र धाबे दणाणले. त्याच सुमारास बार्शीटाकळीचे पाहुणे मला पाहायला येणार होते. आमच्याकडे वणाची किंवा काळीसावळी मुलगी दिवेलागणीनंतर दाखवायची रीत होती. पाहुण्यांची गाडी संध्याकाळी यायची, देवळीत पणती मिणमिणायची आणि मुलगी खाली मान घालून समोर बसायची. दोन्हीकडचे समजून असत. माय माझ्या लग्नासाठी त्या पणतीवर भिस्त ठेवून होती, आणि बुवा तर बैठकीत दिवस उजाडवायला निघाले होते. लाल काचेचा उजेड मंद असतो असे तिने कोणाकडून तरी ऐकले आणि ती हट्टाने आमच्याबरोबर दिवे घ्यायला अमरावतीला आली.

अमरावतीचा तो काचसामानवाला म्हातारा बोहरी होता. मोठ्या मायने सवयीप्रमाणे दिवा बाहेर आणायला सांगितला. तो हसून म्हणाला, "बाई, दिया धूप में क्या दिखेगा?"

तिने क्षणभर विचार केला. "मंग दारं लाव."

भर दुपारी दुकानाची दारे लागली. मोठ्या मायने मला भिंतीशी बसवले आणि एकेक दिवालगिरी माझ्या डोक्यावरच्या खुंटीला लावून घेतली. दिव्यांकडे ती बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. बुवांना लोलकांची आवडली. "हेच घेऊ. पाटलाच्या घरी हेच हायेत." तिने ऐकून घेतले आणि पुढचा दिवा मागवला.

तो लाल काचेचा होता. समोरच एक विकाऊ आरसा टांगला होता, त्यात मी स्वतःला पाहिले. वण कुठे गेले कोण जाणे. गाल गुळगुळीत दिसत होते. देवी आल्यापासून मी आरशात इतका वेळ कधी बघितले नव्हते. मला तोच दिवा हवा होता, अगदी जीव तोडून हवा होता.

"बाई, हाच घ्या," माय जावेला म्हणाली. "पाया पडते तुमच्या."

"ह्याच्यात पोरीचं तोंड कुठी हाये?"

"म्हनून तर."

"आज झाकशील वं. उद्या सासरी सकायी उठन, तवा काय करशील?"

मग तिने साध्या, पांढऱ्या काचेची दिवालगिरी लावायला सांगितली. आरशात मी जशी होते तशी दिसले. "ह्याच बांध," ती दुकानदाराला म्हणाली. परतीच्या वाटेवर गाडीत माय पदरात रडत होती आणि बुवा लोलकांची आठवण काढत होते.

बार्शीटाकळीचे पाहुणे आले, तेव्हा बैठक इतकी उजळली होती की भिंतीवरची पालसुद्धा ओशाळून आढ्याला गेली. मुलाच्या मामांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि त्यानंतर जाईपर्यंत दिव्यांचीच तारीफ केली. चार दिवसांनी निरोप आला की कुळातून जवळचे नाते निघते.

माय मोठ्या मायशी बोलेनाशी झाली. मीही तिच्यापुढे तेल लावायला बसेना. बुवासुद्धा म्हणाले, "काढून टाकतो ते दिवे." मोठी माय मात्र रोज दुपारी काचा उतरवून राखेने घासायची आणि परत लावायची.

पुढे बाळापूरचे पाहुणे आले. मायने एकाच संध्याकाळपुरते दिवे लावू नका म्हणून हात जोडले. मोठ्या मायने सगळे दिवे स्वतः लावले. मुलाची आई उठून माझ्याजवळ आली, हनुवटी धरून तिने माझे तोंड वर उजेडाकडे केले आणि विचारले, "लय जोरात आल्या होत्या काय वं देवी?"

मला आजवर कोणी विचारले नव्हते. मी म्हणाले, "हो. पन डोये वाचले."

"मंग बरं झालं," ती म्हणाली आणि तिने मला कुंकू लावले. दाराशी उभी असलेली मोठी माय गूळपाणी आणायला आत गेली.

मुलगा बाळापूरच्या शाळेत शिकवत होता. मला लिहिता येते ते त्यांच्यामुळे. सासरी मला पुष्कळ ऐकावे लागले. भाजी खारट, हात उधळा, माहेरची मिजास. तोंडाबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढले नाही. एकदा शेजारणीने काढले, तर सासूबाई तिला म्हणाल्या, "मी हनुवटी धरून पाहून आनली तिले. तुले काय करा लागते?"

लढाई संपली आणि कापूस कोसळला. मोठ्या बुवांनी घोडी विकली, आरसे विकले, शिंगांच्या शेंब्याही काढून विकल्या. साध्या काचेच्या दिवालगिऱ्यांना तेवढे गिऱ्हाईक मिळाले नाही.

मोठ्या मायचे शेवटचे दुखणे आले तेव्हा बुवा कधीच गेलेले होते आणि तिचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने पुरते गेले होते. ताप डोक्यात चढला होता. निरोप मिळताच मी अकोल्याला माहेरी पोचले. माय उशाशी बसली होती. म्हणाली, "सकायपासून कोनालेच ओयखून नाई राहिली. मलेसुद्धा नाई. जवळ जा अन् नाव सांग."

मी खाटेशी बसून वाकले, नाव सांगणार, तेवढ्यात तिचा हात चाचपडत वर आला आणि माझ्या गालावर टेकला. बोटे हळूहळू वणांवरून फिरली, गालावरून कपाळाकडे गेली.

"काशी," ती म्हणाली. "कवा आली वं?"