एकोणतीस की एकतीस

“वय किती?”

“एकोणीस.”

“एक-नऊ?”

“न्हाई ओ, एकोणीस!”

“तेच की. एक-नऊ.”

मग मुलीबरोबर आलेला मामा माझ्याकडे वळायचा आणि हळूच विचारायचा, “पावणं, ह्यास्नी आकडं येत न्हाईत व्हय?”

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हे नाटक वरचेवर व्हायचं. फॉर्म भरून घेणाऱ्या आमच्या या साहेबांना आकडे चांगले येतात, यांनी शेकडो माणसं पोटात घेऊन जाणारी विमानं चालवली आहेत, हे सांगून सांगून मी दमलो होतो. लोक आधी साहेबांकडे बघायचे, मग दारातल्या माझ्या जुन्या मारुतीकडे, आणि मी थापा मारतोय असं ठरवून टाकायचे. गल्लीत त्यांना ‘इमानाचा डायव्हर’ म्हणायचे. मी साहेब म्हणायचो, ते मला मालक म्हणायचे. मालकी काय, तर एक गाडी आणि दोन बाकं.

साहेब मूळचे गडहिंग्लजकडचे. नव्वदच्या दशकात कधीतरी नोकरी सोडून कोल्हापुरात आले आणि आमच्या समोरच्या घरात भाड्याने राहू लागले. दिवसभर गॅलरीत उभे. शेवटी त्यांच्या बायकोच मला म्हणाल्या, “भाऊजी, ह्यास्नी कायतरी काम द्या. घरात बसून भिंती खायला लागतील.” मला तरी कोण मदतनीस मिळत होता? मी लगेच हो म्हटलं.

शिकवण्याची तऱ्हा मात्र त्यांची स्वतःची. ते ‘डावीकडं’ म्हणाले की शिकणाऱ्यानेही ‘डावीकडं’ असं मोठ्याने म्हणायचं, मगच स्टिअरिंगला हात लावायचा. पुटपुटलं तर चालायचं नाही. “मला ऐकू आलं न्हाई. परत.” एकदा दसरा चौकात एका बाई इतक्या जोरात ‘डावीकडं!’ ओरडल्या, की पुढचा सायकलवाला दचकून डावीकडे वळला. दुसऱ्या एका मुलीने परीक्षेच्या वेळी तर कहरच केला. इन्स्पेक्टर म्हणाले, “गाडी थांबवा.” ती म्हणाली, “गाडी थांबवा.” ते म्हणाले, “अहो, थांबवा!” ती म्हणाली, “अहो, थांबवा!” साहेबांची शिस्त ती, तिचा काय दोष? इन्स्पेक्टरांना ती चेष्टा वाटली आणि त्यांची समजूत घालता घालता माझी दुपार गेली.

तुमच्याही पाहण्यात असा एखादा माणूस असेल. आपण हसतो, नकला करतो, आणि हे वेड आलं कुठून ते विचारायचं राहून जातं. मीही विचारलं नव्हतं. एकदा गडमुडशिंगीच्या रस्त्याला गाडी तापली. इंजिन निवेपर्यंत आम्ही बाभळीखाली बसलो. जवळच विमानतळ, पण त्या काळात तिथे विमान कमी आणि म्हशी जास्त. तिकडे बघत साहेब आपणहून बोलायला लागले.

नोकरीत असतानाच्या एका उड्डाणात ते को-पायलट होते. कॅप्टन वयाने मोठे आणि मराठी बोलणारे. मराठी माणूस शेजारी मिळाला की साहेबांना बरं वाटायचं. कामाचं बोलणं इंग्रजीतच करायचा नियम होता, पण इतक्या उंचावर कोण ऐकतंय, म्हणून दोघे मराठीत गप्पा मारायचे. कॅप्टन माईकवर प्रवाशांशी बोलत असताना खालून, विमानांना वाट दाखवणाऱ्या कंट्रोलकडून, हुकूम आला, एकोणतीस हजार फुटांवर जा. साहेबांनी तो इंग्रजीत बरोबर परत म्हणून दाखवला. कॅप्टनने माईक ठेवला आणि विचारलं, “किती म्हणाले?” साहेबांनी मराठीत सांगितलं. कॅप्टनने यंत्रावर एकतीस लावले. लावलेला आकडा बघायचं काम साहेबांचं होतं, पण तेवढ्यात चहा आला.

एकतीसवर समोरून दुसरं विमान येत होतं. खालचा माणूस रेडिओवर ओरडला, कॅप्टनने विमान खाली दाबलं आणि ते दुसरं डोक्यावरून निघून गेलं.

“त्याच्या खिडक्या मोजता आल्या असत्या, मालक,” साहेब म्हणाले. “आमच्या मागं लोकं चा पीत बसलेली. कुणाला काय कळलंसुदीक न्हाई.”

चौकशीत कॅप्टन ठामपणे म्हणाले, “हा मला एकतीसच म्हणाला.” कॉकपिटमधलं बोलणं टिपणारी फीत थोड्या वेळाने स्वतःवरच पुन्हा भरली जाते. उतरेपर्यंत ते वाक्य पुसलं गेलं होतं. ठपका साहेबांवर आला. पुन्हा प्रशिक्षण घेऊन विमानावर परत येता आलं असतं, पण तोंडून आकडा बरोबर निघेल याची त्यांना खात्रीच वाटेना, म्हणून त्यांनी नोकरी सोडली.

“एकोणतीस म्हणालो की एकतीस, मला खरंच ठावं न्हाई,” ते म्हणाले. “एकोणतीस म्हणालो असंन तर माझी फक्त बघायची चूक. एकतीस म्हणालो असंन तर मागच्या समद्यांना मीच मारायला निघालतो.”

मी म्हटलं, “कोण मेलं न्हाई की साहेब.”

“व्हय,” ते म्हणाले. “समदे असंच म्हणत्यात.”

पुढे बऱ्याच वर्षांनी, उन्हाळ्यातल्या एका दुपारी, अंबाबाईच्या दर्शनाला आलेले एक म्हातारे गृहस्थ पत्ता विचारत आमच्या दारात आले. साहेब ताडकन उठून उभे राहिले. मी ओळखलं, कॅप्टन हेच.

हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मग साहेबांनी विचारलं, “सर, त्या दिवशी मी काय म्हणालो?”

कॅप्टनने खिशातून रुमाल काढला.

“मला नीट ऐकूच आलं नव्हतं रे,” ते म्हणाले. “काहीतरी ‘तीस’ एवढंच कानावर पडलं. तुझ्यासारख्या पोराला परत विचारायची लाज वाटली. अंदाजाने लावलं.”

“आणि चौकशीत?”

“तू गप्प होतास. म्हणून मी बोललो. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती.”

माझ्या तोंडात अस्सल कोल्हापुरी शिवी आली होती. एवढी वर्षं ज्याने या माणसाला कुरतडून खाल्लं, तो आमच्याच बाकावर बसून रुमालाने मान पुसत होता! साहेबांनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाले, “सर, चहा सांगू?”

कॅप्टन चहा प्यायले. साहेब त्यांना गाडीपर्यंत सोडून आले.

साहेबांना जाऊनही आता काही वर्षं झाली. लोक अजून त्यांच्या नकला करतात आणि मीही हसतो. पण आठवण काढायला बसलो की मला त्या दुपारचे साहेब दिसतात. कॅप्टनला सोडून परत आले ते बाकावर टेकले, भिंतीला डोकं लावलं आणि झोपून गेले. भर दुपारी, रस्त्याच्या गोंगाटात, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखे. चारची बॅच येऊन दारात उभी राहिली. मी त्यांना ओठावर बोट ठेवून दाखवलं, साहेबांच्या तोंडावर ऊन येत होतं म्हणून शटर अर्धं खाली ओढलं, आणि त्या दिवशीची त्यांची सगळी पोरं मीच फिरवून आणली.