महिला रविवार सोडून कुठलाही

प्रभाकर, धुळ्याच्या स्टँडवर सुरतेची गाडी लागली होती आणि माझी ट्रंक टपावर चढवण्यावरून तू कंडक्टरशी भांडत होतास. पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. नाना आले होते, पण स्टँडच्या आत आले नाहीत, फाटकाबाहेर पानटपरीपाशीच उभे राहिले. मी जाऊन "सलाम, नाना" म्हटलं. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जाय पोरी. पन तठे तरी तोंड आवरीसन ऱ्हाय." मी म्हटलं, "तोंडापायीच तर चालले, नाना." ते हसले नाहीत. साक्रीपर्यंत मी रडले. साक्रीला भजी खाल्ली, आणि तिथून नवापूरपर्यंत नुसती संतापत राहिले.

तुझं पत्र परवा मिळालं. आता तू आपल्या चर्चच्या मंडळीच्या पंच कमिटीचा सेक्रेटरी झालास, म्हणून पत्र कमिटीच्या कागदावर. छान. माझं उत्तर लांबणार आहे. ते एकट्यानं वाचून खिशात घालू नकोस, कमिटीत वाच. आपल्यातले जे नाशिकला, पुण्याला, कुठं कुठं पांगले त्यांनाही दाखव. आणि वहिनीला आधी दाखव.

आपली आई बायबलबाई होती. हा शब्द आता तुमच्या पोरांना समजावून सांगावा लागेल. मिशनचा तुटपुंजा पगार, आणि काम म्हणजे खेडोपाडी पायी जायचं, बायकांना प्रभूची गोष्ट सांगायची, आजाऱ्यासाठी प्रार्थना करायची, बाळंतिणीच्या उशाशी बसायचं. सुटीत मी तिच्याबरोबर जायची. ती अहिराणीत बोलायची आणि कपाशी वेचणाऱ्या बायका हातातलं काम थांबवून ऐकायच्या. कुणी म्हातारं माणूस गेलं आणि पाद्रीसाहेबांना पोचणं शक्य नसलं, की मातीवरची प्रार्थना आईच करायची. बाई कशी काय, असं त्या पाड्यांवर कुणी कधी विचारलं नाही. मी बसल्या जागी पुटपुटायला लागले की ती मला म्हणायची, "बोलानं शे ना? मंग उभी राहीसन बोल."

आणि हीच बाई रविवारी धुळ्यात देवपुरच्या चर्चमध्ये आली की मागच्या बाकावर. डोक्यावर पदर, तोंड बंद. प्रभुभोजनाची भाकर तिनं पहाटे उठून भाजायची, आणि ताटली धरून फिरायचं थॉमस आबांनी. आबा म्हणजे कमिटीचे अध्यक्ष, रिटायर हेडमास्तर, स्वभावानं वाईट नाहीत हे मीही म्हणेन. पण त्यांना भाकर भाजायला सांगितली असती तर स्वयंपाकघर पेटवून बसले असते. झाडलोट बायकांची, शब्बाथ शाळा बायकांची, हंगामाच्या सणाला शंभर माणसांचा स्वयंपाक बायकांचा. माइक तेवढा बाप्यांचा!

आई श्रावणात गेली. पाद्रीसाहेब चोपड्याला लग्न लावायला गेले होते, आणि पाऊस असा की तिकडून एसटी सुटेना. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आपण वाट पाहिली. मग थांबणं शक्य नव्हतं, हे तुला सांगायला नको. कब्रस्तानात खड्डा तयार होता, त्यात पाणी भरत होतं आणि दोघं जण डबड्यांनी उपसत होते. सगळे छत्र्या धरून उभे. आबांच्या हातात विधीचं पुस्तक. कुणीतरी म्हणालं, "आबा, तुम्हीच वाचा." तर आबा म्हणाले, "कमिटीचा तसा ठराव नाही. माझ्या अधिकारात बसत नाही." मला अजून तो आवाज ऐकू येतो. माझ्या आईला मातीत ठेवायला ठराव पाहिजे होता!

मी बायकांमधून पुढं आले. पुस्तक मागितलं नाही, मला त्याची गरज नव्हती. आई पाड्यांवर करायची तशीच प्रार्थना मी केली, तिच्याच बोलीत. "देवबाप्पा, हाई तुनी पोर तुना घर उनी. दार उघाड." एवढं म्हटलं, मग पुढचं सुचत गेलं. माती दिली. पहिला "आमेन" तुझा होता, प्रभाकर. मोठ्यानं म्हणालास. त्या क्षणी मला वाटलं, बस, आता जगात काही कमी नाही.

पाद्रीसाहेब परतले आणि कमिटी बसली. निकाल असा, की विधी झालेलाच नाही. एक म्हणजे बाईनं केला, दुसरं म्हणजे पुस्तकातल्या भाषेत केला नाही, तिसरं म्हणजे पुरुष हजर असताना केला. पाद्रीसाहेब माझ्याकडे बघत नव्हते. भला माणूस होता तो, पण भलेपणाबरोबर कणा मिळतोच असं नाही. ठरलं की रविवारच्या उपासनेनंतर सगळ्यांनी कबरीवर जायचं आणि विधी पुन्हा वाचायचा. म्हणजे माझी आई चार दिवस देवाच्या दारात खोळंबून उभी होती, कमिटीच्या मंजुरीची वाट बघत.

नाना म्हणाले, "पोरी, एकदा वाचलं काय न् दोनदा वाचलं काय, बिघडस काय?" मी म्हटलं, "उद्या माझं लग्न लागलं, आणि परवा कुणी म्हणालं की ते धरायचं नाही, पुन्हा लावा, तर चालेल का तुम्हाला?" त्यावर नाना उठून अंगणात गेले. मला त्यांचा राग आला नाही. बायको गेलेला माणूस होता, त्याला भांडण नको होतं. पण मला हवं होतं.

मी कबरीवर गेले नाही. चर्चच्या पायरीवर बसून राहिले. तुम्ही सगळे गेलात, ओळीनं. परत येताना एक मावशी थांबली आणि म्हणाली, "विमल, राग मानू नको गं. पण बायांनी मंडळीत गप राहावं असं शास्त्रात लिहिलंय." मी म्हटलं, "मावशी, प्रभूची रिकामी कबर आधी कुणी पाहिली तेही लिहिलंय. बायांनीच. आणि ही बातमी बाप्यांना जाऊन सांगा म्हणून पाठवलं तेही बायांनाच. बापे तेव्हा दाराला कडी लावून बसले होते." मावशी चपला ओढत निघून गेली. आणि नंतर मला कळलं, की तिथं कबरीपाशीही आमेन मोठ्यानं म्हणणारा तूच होतास.

ते मी तुला कधी बोलले नाही. आज बोलते. माझ्या प्रार्थनेला आमेन आणि माझी प्रार्थना पुसायलाही आमेन, हे कसं काय जमलं रे तुला?

दिवाळीनंतर सुरतेला म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत जागा निघाली आणि मी निघाले. सुरत म्हणजे काही स्वर्ग नव्हे. लिंबायतची चाळ, नळाला रांग, दिवसरात्र पावरलूमचा खडखडाट. पहिल्या महिन्यात झोप म्हणून लागली नाही. आता सुटीच्या दिवशी लूम बंद असले तर झोप लागत नाही. तोंडात गुजराती कधी घुसली कळलंच नाही. भाजीवालीला "केटला?" विचारते, वर्गात चिडले की "चूप बेसो" निघून जातं, आणि पोरं खुदुखुदू हसतात. सगळी पोरं आपल्याच खानदेशातली. कुणाचा बाप शिरपूरचा, कुणाचा अमळनेरचा, साक्रीचे तर ढिगानं.

आपल्यातली घरंही होती. पण तिथलं चर्च गुजराती, उपासना सकाळी, आणि रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी उठतोय कशाला! म्हणून रविवारी दुपारी माझ्या खोलीत चटई अंथरायला लागले. मला वाटलं, मी गाणं सांगेन, प्रार्थना करेल कुणीतरी पुरुष. शांतवन म्हणून साक्रीकडचा लूम कामगार होता, त्याला मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही चालवा." तो हात जोडून म्हणाला, "ताई, तूच चालाड व. आमले काय येस?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. प्रभाकर, ज्या अधिकारासाठी देवपुरात ठराव लागत होता, तो लिंबायतमध्ये एका चटईवर बसल्या बसल्या मिळाला.

थॉमस आबा मात्र तिथंही भेटले! म्हणजे त्यांचा गुजराती अवतार. त्या चर्चचे एक वडील, म्हणजे तिथले पंच, आपल्या पाळकांना घेऊन माझ्या खोलीवर आले आणि म्हणाले, "बेन, आ तमारुं काम नथी." मी काही बोलायच्या आत त्यांच्या पाळकांनीच विचारलं, "तो कोनुं छे? तमे आवशो दर रविवारे?" मग कुणाचं, तुम्ही येणार का दर रविवारी? म्हाताऱ्यानं नळाची रांग पाहिली, गटार पाहिलं, आणि चहा घेऊन निघून गेला. पुढं याच पाळकांनी मला मे महिन्याच्या सुटीत शास्त्राच्या शिक्षणाला पाठवलं. एक सुटी नाही, कितीतरी सुट्या. म्हणून धुळ्याला येणं झालं नाही. रुसून बसले होते असं तुम्ही धरलंत. थोडी रुसलेलीही होते.

मग प्लेगचं वर्ष आलं. अर्धी सुरत पळाली. आपली माणसं गावाकडे निघाली, आणि गावांनी त्यांना वेशीवरच थोपवलं, हे तुम्हाला माहीत आहे. मी कुठं जाणार होते? राहिले. शांतवनचे वडील त्या दिवसांत तापानं गेले. प्लेग नव्हता, डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं, पण चाळीत कुणी दार उघडेना. शेवटी शांतवन आणि आम्ही तिघी बायकांनी खांदा दिला. कब्रस्तानात मी प्रार्थना केली, आणि ती पुन्हा करायला कुणी आलं नाही. त्यानंतर दोनेक वर्षांत मला पाळकपदाची दीक्षा मिळाली. डोक्यावर हात ठेवणाऱ्यांत ते "तमारुं काम नथी" म्हणणारे वडीलही होते. मी वर पाहिलं नाही, पण प्रार्थना म्हणताना त्यांचा आवाज मला ओळखू आला.

आता तुझ्या पत्राकडे येते. "ताई, जुना वाद मिटला. येत्या महिला रविवारी तुझा संदेश ठेवायचं कमिटीनं एकमतानं ठरवलं आहे. आबांनी स्वतः तुझं नाव सुचवलं. शाल देऊन सत्कार होईल." वाचून डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. पुढं वाचलं आणि ते आपोआप सुकलं. संदेश खालच्या स्टँडवरून द्यायचा, पाळक उभे राहतात त्या वरच्या पुलपिटावरून नाही. प्रभुभोजन पाद्रीसाहेब देतील. पत्रिकेत "पाळक" छापता येणार नाही, "भगिनी" छापू.

वा रे वा. महिला रविवार म्हणजे काय, ते मी लहानपणापासून पाहिलंय. वर्षातून एक दिवस बायका गाणार, बायका वाचणार, बायका दानाची थैली फिरवणार, आणि पुरुष घरी जाताना म्हणणार, "छान झालं बरं का!" पुढच्या रविवारी सगळ्या परत मागच्या बाकावर. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतात, गोंडे बांधतात, पुरणपोळी चारतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा औताला जुंपतात. तसा हा आमचा पोळा. मला नाही शिंगं रंगवून घ्यायची.

मला धुळ्याची आठवण येत नाही असं समजू नकोस. खूप येते. कळण्याच्या भाकरीची येते, पांझरेच्या पुलावरून येणाऱ्या संध्याकाळच्या वाऱ्याची येते, नानांची तर रोज येते. आबांनी माझं नाव सुचवलं याचंही मला बरं वाटलं, त्यांना माझा सलाम सांग. पण आठवण येते म्हणून मान खाली घालून येईन, हे होणार नाही.

माझी अट एकच आहे. साधा रविवार ठेवा, पावसाळ्यातला, उन्हाळ्यातला, ज्याला काही नाव नाही असा. त्या दिवशी आधी तुमच्यापैकी कुणीतरी पुढं उभं राहून सांगावं, की आमच्या बायबलबाईची माती पहिल्याच दिवशी झाली होती, पूर्ण झाली होती. तू सांगितलंस तर मला जास्त आवडेल. दोन्हीकडे आमेन म्हणणारे पुष्कळ होते, पण त्यातला माझा भाऊ तू एकटाच होतास. मग मी येते. पुलपिटावर चढेन, अहिराणीत बोलेन, आणि प्रभुभोजनाची ताटली माझ्या हातात असेल. भाकर त्या दिवशी कमिटीनं भाजावी.

तोवर माझं घर विचारशील तर ते इथं आहे, या खडखडाटात. इथं मी बोललेलं बोललं म्हणून धरतात. घर याहून वेगळं काय असतं, मला माहीत नाही. वहिनीला घेऊन ये एकदा. दुपारी चटई अंथरतो, पुढं बसायची तिला मुभा आहे, बोलायचीही.

महिला रविवारी मात्र माझं यायचं जमणार नाही. त्या दिवशी शांतवनच्या धाकट्या पोरीचा बाप्तिस्मा आहे आणि तो मी देणार आहे. आणि बाप्तिस्मा एकदाच होतो, पुन्हा देता येत नाही, हे आबांनाही विचारून घे.

तुझी ताई,
पाळक विमल