संस्था जिवंत असल्याचा पुरावा

मित्र म्हणतात, एकदाचं लिहून काढ सगळं. अहो, पण सुरुवात कुठून करू? संस्थांची नोंदणी होते त्या ऑफिसातल्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. ते अर्जासोबत येतात, तेही तीन प्रतींत! नागपूरच्या त्या ऑफिसात माझी सगळी नोकरी झाली. त्यातून मी एवढंच शिकलो, की आपल्या माणसाला दोन गोष्टींवाचून करमत नाही. एक भांडण आणि दुसरी संस्था. पुष्कळदा पहिल्यातूनच दुसरी निघते.

आमच्या कपाटांत काय नव्हतं? पाणपोईवाले, तालीमवाले, वाचनालयं, वसतिगृहं, नाटकवाले, पाखरांना दाणे टाकणारे. पुण्याहून बदलून आलेल्या एका साहेबांनी मला विचारलं होतं, "विदर्भात इतक्या संस्था कशाला हो लागतात?" मी म्हटलं, "साहेब, इकडे लोकांच्या संध्याकाळी मोकळ्या असतात."

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला वरून हुकूम आला, की मेलेल्या संस्थांची नावं खोडा. जी जिवंत असेल तिच्या सात सभासदांनी महिनाअखेरपर्यंत अर्जावर सही करायची, आणि नाही केली तर नाव खलास. ही यादी माझ्या टेबलावर आली आणि माझं दुपारचं पान बंद झालं.

पहिल्याच दिवशी सयाबाई आल्या. हुडकेश्वरच्या. तेव्हा हुडकेश्वर म्हणजे खेडंच. विड्या वळणाऱ्या बाई, पन्नाशीच्या, आवाज खणखणीत. तिथल्या महिला मंडळाच्या त्या अध्यक्ष. मंडळाचं काम एकच, बायकांना लिहायला-वाचायला शिकवायचं.

"जयभीम, बाबू. आमचं नाव खोडून राहिले म्हनते?"

मी हुकूम समजावला. त्या म्हणाल्या, "वर्गाची खोली पंचायतीची हाय. नोंदनी हाय तोवर खोली आमची. नाव गेलं का तिथं खताची पोती ठेवाले लोक टपून बसले हायेत. मंग तीस बायका शिकतीन कुठं?"

"सातही जणींना घेऊन या, सह्या करा, झालं," मी म्हटलं. मला काय माहीत पुढे काय वाढून ठेवलंय! बाई समाधानाने गेल्या आणि मी बाकीच्यांना भिडलो.

महाल भागातलं एक भजनी मंडळ होतं. दोघं सख्खे भाऊ ते चालवायचे. अभंग आधी म्हणायचा की गजर आधी, यावरून दोघांचं वाजलं आणि धाकट्याने 'मूळ भजनी मंडळ' म्हणून वेगळी नोंदणी केली. चिडून थोरल्याने आपल्या मंडळाचं नाव बदलून 'आद्य' करून घेतलं. दोघेही सह्या घेऊन एकाच दिवशी आले आणि एकमेकांकडे पाठ करून बाकावर बसले. मी दोन्ही अर्जांवरचे पत्ते पाहिले, तर घर एक, वार एक, वेळही एकच!

"अहो, गुरुवारी सात वाजता एकाच खोलीत दोन मंडळं भजन कशी करतात?"

धाकटा म्हणाला, "सोबतच करतो जी. पेटी एकच हाय ना."

इतवारीतली एक संस्था लग्नाकार्याला मोठी भांडी फुकट द्यायची. गंज, पराती, हंडे. कागदावर लांबलचक यादी. मी तपासणीला गेलो तर गोदाम रिकामं ठणठणीत. कोपऱ्यात एक झारा तेवढा पडलेला. मला वाटलं, ही संस्था गेली. सेक्रेटरी मात्र खुशीत.

"बाबूजी, भर लग्नसराईत भांडी गोदामात दिसली असती, तर संस्था मेली असं समजाचं!"

म्हटलं, मला भांडी डोळ्यांनी पाहावी लागतील. त्यांनी सायकल काढली, मला मागे बसवलं आणि लग्न हुडकत निघाले. पहिल्या मांडवात गंज मिळाले, दुसऱ्यात पराती. जिथे भांडं, तिथे आग्रह. "बाबू, तपासनी तं होतच राहते, बसा आधी." त्या दिवशी मी तीन पंगतींत जेवलो आणि संस्था ठणठणीत असल्याचा शेरा लिहिला. घरी गेल्यावर बायकोने ताट वाढलं, तर घास का उतरत नाही, हे तिला सांगायची सोय नव्हती.

बेवारस प्रेतांना अग्नी देणारी एक संस्था होती. मोठी माणसं हो! कुणाचा कोण, पण मडकं धरायला हजर. आमच्या फॉर्मात एक रकाना होता, 'लाभार्थींचा अभिप्राय'. त्यांनी तो कोरा सोडला. आमचे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, नियमाला पक्के. त्यांनी अर्ज परत पाठवला: रकाना कोरा का? आठ दिवसांनी अर्ज आला. रकान्यात सुवाच्य अक्षरांत लिहिलं होतं, "आजवर एकाचीही तक्रार नाही."

बडे बाबूंनी ते गंभीरपणे वाचलं आणि पुढे 'समाधानकारक' लिहिलं.

मग रिटायर्ड रेल्वेवाल्यांची संस्था. तिचा उद्देश वाचून मी चष्मा पुसला. 'सभासदांनी एकमेकांस, मुलाबाळांना न कळविता, दवाखान्यात नेणे.' साहेबांनी त्या म्हाताऱ्यांना आत बोलावलं. साहेब म्हणजे सज्जन माणूस, पण कागदाबाहेर पाऊल टाकायचे नाहीत.

"यात सार्वजनिक हित कोणतं?" त्यांनी विचारलं.

म्हातारे म्हणाले, "पोरं बिनघोर झोपतात जी."

साहेबांनी तो उद्देश पुन्हा एकदा वाचला. त्यांचे वडील गावाकडे एकटे राहायचे. अर्ज मंजूर झाला.

अशा शेकडो संस्था जिवंत निघाल्या. हुकूम काढणाऱ्यांना वाटलं होतं यादी निम्मी होईल, पण आम्हालाच दोन कपाटं जास्तीची मागावी लागली. मला तर त्या महिन्यात आपल्या लोकांचा फार अभिमान वाटला. आता उरली होती महिनाअखेर आणि सयाबाई.

शेवटच्या दिवशी त्या सातही जणींना घेऊन आल्या. सगळ्या धुतलेल्या लुगड्यांत, दिवसाचं काम बुडवून. एकेकीने अर्जावर सही केली. एक तर श्वास रोखून करत होती. मी खूश. बडे बाबूंनी जुनी फाईल काढली आणि त्यांचा चेहराच उतरला.

"हे जमत नाही," ते म्हणाले. "नोंदणीच्या कागदावर सात अंगठे आहेत. इथे सात सह्या. नमुना जुळत नाही."

"अहो, बाया शिकल्या ना मधल्या काळात!" मी म्हटलं.

"शिकल्या असतील. पण ह्या त्याच कशावरून?"

प्रकरण साहेबांकडे गेलं. साहेबांनी दोन्ही कागद पाहिले आणि समजुतीने म्हणाले, "बाई, पाच मिनिटांचं काम आहे. सह्यांशेजारी अंगठे लावा. मी आत्ता मंजूर करतो." बडे बाबूंनी शाईचं पॅड पुढे सरकवलं.

सयाबाईंनी पॅडचं झाकण लावलं.

"अंगठा नाही लागनार, साहेब. दीक्षा घेतली तवाच ठरवलं होतं, शिकाचं. संस्था काढाले अंगठा द्या लागला, तो शेवटचा."

"मग मला नाव खोडावं लागेल. खोली जाईल तुमची."

मी मागून हळूच म्हटलं, "सयाबाई, लावून टाका ना. काय बिघडतं?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी दोन पावलं मागे सरकलो. बाकीच्या सहा जणींनी हात पदराखाली घेतले.

"खोडा जी," सयाबाई म्हणाल्या. "पन कारन लिहून द्या. लिहा, का सात बायका लिहाले शिकल्या, म्हनून शिकवनारी संस्था बंद केली. खाली तुमची सही करा. आमी ते वर्गात लावू."

साहेबांनी पेन उघडलं. बराच वेळ ते कागदावर टेकलंच नाही. बडे बाबू छताकडे पाहू लागले. शेवटी साहेबांनी सातही जणींना आपल्यासमोर पुन्हा सह्या करायला लावल्या, दोन्ही कागद जोडले आणि खाली लिहिलं, 'संस्था जिवंत आहे. नोंदणी कायम.' नेहमीसारखी झर्रकन सही ठोकली आणि नक्कल सयाबाईंच्या हातात दिली.

मी सुटकेचा श्वास टाकला. बाई मात्र जागच्या हलेनात. अक्षराखाली बोट धरून त्यांनी सगळा कागद वाचला. शेवटी बोट थांबलं.

"हे काय लिहिलं हाय जी?"

"ती माझी सही," साहेब म्हणाले.

"याच्यात नाव तं दिसूनच नाही राहिलं. आमच्या वर्गात अशी चालत नाही. परत करा."

बडे बाबूंच्या हातातून पॅड खाली पडलं. आणि साहेबांनी कागद परत घेतला, खुर्ची पुढे ओढली आणि स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं सुटं सुटं, गोल अक्षरांत लिहून दिलं.

सयाबाईंनी ते वाचलं. म्हणाल्या, "आता बरोबर."